कीव, कणव आणि ‘बिचारा’

सोलापूरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. कष्टकऱ्यांवरच्या चित्रपटांबद्दल लिहिताना त्यांनी ‘दिग्दर्शकाला या माणसांची कीव आहे’ असं लिहिलं, मित्राने ‘कीव’ खोडून ‘कणव’ केलं. फरक काय?

कोशात दोन्हींपुढे ‘दया’च सापडेल. पण ‘तुझ्या अकलेची कीव येते’ असं आपण भांडणात सुनावतो. तिथे ‘कणव येते’ म्हणून बघा, भांडणच मिटेल. कीव करणारा एक पायरी वर उभा असतो. कणवेला ती पायरी लागत नाही. मित्राचं बरोबर आहे.

इटालियन दिग्दर्शक डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ (1948) घ्या. भिंतींवर पोस्टरं चिकटवायची नोकरी, सायकल असेल तरच. पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. बाप-लेक रोमभर शोधतात आणि शेवटी बापच दुसऱ्याची सायकल उचलतो, पकडला जातो, पोरासमोर मार खातो. रडवेल्या पोराकडे बघून मालक त्याला सोडून देतो. ती कीव. नंतर गर्दीतून चालताना पोरगा बापाचा हात धरतो, ती कणव.

वाचकाने लिहिलेल्या चित्रपट-परिचयात ‘बिचारा’ही आलाय, तोही काढा. फारसीतला बे-चारा, म्हणजे ज्याला इलाज उरला नाही असा. हा बाप तर अख्खा सिनेमाभर इलाजच शोधतोय! आपल्या करमाळ्याच्या नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’तल्या जब्याला, त्याने शेवटी दगड भिरकावल्यावर, बिचारा म्हणायची कुणाची छाती आहे?

जाता जाता: सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू शेजारीण ‘पापम्’ म्हणाली तर दचकू नका. तेलुगूत ते ‘अरेरे, बिचारं’ असतं. कन्नडात नुसतं ‘पाप’. पण त्याच गल्लीत मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाईला, कारखान्यात तिच्या विड्यांतून जास्त छाट (नापास ठरवलेल्या विड्या) काढली, तर पापम् नको असतं. तिला हिशेब हवा असतो.

राहिलं व्याकरण. कीव ‘ची’ घेते आणि ती येते किंवा केली जाते. ‘कीव आहे’ कानाला खटकतं. कणव ‘बद्दल’ घेते. म्हणजे नुसता शब्द बदलून भागणार नाही: ‘दिग्दर्शकाला या माणसांबद्दल कणव आहे’ असं करा. भालजींच्या ‘साधी माणसं’बद्दल (1965) लिहिणार असाल तर मात्र थेट ‘जिव्हाळा’ लिहा.