‘ब्रेकथ्रू झाला की येतो’

*ताई, मी स्थापत्य अभियंता आहे. नोकरी लागल्यापासून भुयारी मेट्रोच्या साइटवरच आहे. एक मार्ग संपला की दुसरं शहर. या वेळी बायको म्हणाली, ‘मुलीची शाळा पुन्हा बदलणार नाही, तू एकटा जा.’ आता त्या दोघी राहतात त्याच शहरातल्या डिझाइन ऑफिसातून मला बोलावणं आलंय. पण माझं टीबीएम, म्हणजे बोगदा खोदणारं यंत्र, ड्राइव्हच्या (एका सलग खोदाईच्या) मध्यावर आहे. ‘ब्रेकथ्रू झाला की येतो,’ म्हणजे यंत्र पलीकडे बाहेर पडलं की येतो, असं म्हटलं, तर ती बोलेनाशीच झाली. तिला ब्रुकलिन पुलाच्या एमिली रोब्लिंगची गोष्टही सांगून पाहिली. सहकारी म्हणतात, टेबलावर बसलास की संपलास. मी हे सगळं घरासाठीच करतोय, हे तिला कसं पटवू?*

आधी एमिलीबाईंचं बघू, कारण तुमचं गाडं तिथेच रुतलंय. त्यांचे पती, पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग, पुलाच्या पायासाठी नदीच्या तळाशी, दाबाखालच्या हवेत उतरत होते. त्यातून जडलेल्या आजारानं १८७२च्या सुमारास त्यांचं साइटवर जाणंच बंद झालं. मग १८८३ मध्ये पूल खुला होईपर्यंत एमिली त्यांच्या सूचना साइटवर पोचवत राहिल्या, त्यासाठी गणित आणि बांधकामशास्त्रही शिकल्या. थोर बाई, वादच नाही. पण अहो, या गोष्टीतला नवरा घरी होता! साइटवर जात होती ती बायको. तुमच्या पत्नी गप्प झाल्या हे तुमचं नशीब. मी असते तर हसले असते, आणि ते तुम्हाला जास्त झोंबलं असतं.

आता ब्रेकथ्रू. आमच्या घरात बांधकामावरची माणसं आहेत, त्यामुळे ही तारीख मला ठाऊक आहे. मशीन पलीकडच्या शाफ्टमध्ये, म्हणजे उभ्या खोल खड्ड्यात, बाहेर आलं, टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. पुढे? ते सुटं करून दुसऱ्या ड्राइव्हसाठी उतरवायचं. दोन बोगद्यांना जोडणारे क्रॉस पॅसेज खोदायचे. मग रूळ, वीजपुरवठा, सिग्नल, चाचण्या, सुरक्षा तपासणी. प्रत्येक टप्प्यावर कोणी तरी म्हणणार, ‘साहेब, तुम्ही गेलात तर अडेल,’ आणि तुम्हाला ते ऐकायला बरं वाटणार. शिवाय जमीन तुमच्या वेळापत्रकाला बांधील नाही. मार्क ब्रुनेल यांनी थेम्स नदीखालचं भुयार १८२५ मध्ये हाती घेतलं, ते लोकांसाठी खुलं झालं १८४३ मध्ये. मधे पाणी घुसलं, पैसा संपला, काम कित्येक वर्षं बंद होतं. आजची यंत्रं फार पुढे गेली आहेत हे मान्य. तरी कटरहेडसमोर, म्हणजे यंत्राच्या खोदणाऱ्या तोंडासमोर, अचानक काय येईल, हे तुम्हालाही आदल्या दिवशी सांगता येत नाही. म्हणजे तुम्ही पत्नीला जी तारीख दिलीत, ती तारीखच नव्हे. आणि त्यांना ते कळलंय. मागच्या शहरांतही त्यांनी हेच ऐकलं असणार.

जागेअभावी तुमच्या पत्रातला एक परिच्छेद छापला नाही. आवाजावरून आणि टॉर्कच्या (यंत्राचं तोंड फिरवायला लागणाऱ्या जोराच्या) आकड्यांवरून मशीन मऊ माती सोडून खडकात शिरलं हे कसं कळतं, ते तुम्ही त्यात लिहिलंय. तिथे तुमचं अक्षरसुद्धा मोठं झालंय. कर्तव्य म्हणून केलेल्या कामाबद्दल माणूस असं लिहीत नाही. तुम्हाला हे काम मनापासून आवडतं. मग ‘घरासाठी करतोय’ कशाला? त्यानं होतं काय, की तुम्ही त्यागमूर्ती ठरता आणि तक्रार करणारी बायको कृतघ्न. त्यांना एकदा सरळ सांगा: मला भुयार सोडवत नाही. यावर त्या चिडतील कदाचित, पण निदान खऱ्या गोष्टीवर चिडतील. नवऱ्याच्या आवडीशी भांडता येतं. उपकारांशी कसं भांडणार?

आणखी एक. सुट्टीवर असतानाही वरच्या इमारती किती खचल्या याचे आकडे तुमच्या फोनवर येतात, जेवतानाही तुम्ही ते बघता, असं तुम्हीच लिहिलंय. ते आकडे गंभीरच असतात, ठरवलेली पातळी ओलांडली की काम थांबवावं लागतं. पण शिफ्ट इंजिनिअर, मॉनिटरिंगची टीम कशासाठी असते? सुट्टीवरच्या एका माणसाच्या फोनवर बोगद्याची सुरक्षा अवलंबून असेल, तर तुमच्या साइटची व्यवस्थाच कच्ची आहे. आणि तशी ती नसेल, तर तो फोन तुम्ही स्वतःच्या समाधानासाठी बघता.

सहकाऱ्यांचं सोडा. सळयांच्या दाटीत काँक्रीट नीट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची सुई शिरेल का, रात्री शेवटची गाडी गेल्यावर मिळणाऱ्या थोडक्या तासांत देखभालीची माणसं त्या कोपऱ्यापर्यंत पोचतील का, हे ज्यानं डोळ्यांनी पाहिलंय त्याचा हात ड्रॉइंगवर वेगळा चालतो. साइट न पाहिलेल्यांच्या ड्रॉइंगना तुम्ही आजवर किती शिव्या घातल्या असतील! टेबलावर बसून माणूस संपत नाही. ऑफिसातही सबमिशनच्या आठवड्यात रात्री जागाव्या लागतात, तेव्हा तिथे अगदी स्वर्ग आहे असंही समजू नका.

माझं मत विचाराल तर जा. पण अर्ध्यावर टाकून नको, मनात कढ ठेवून तर मुळीच नको. घरी येऊन रोज ‘तुझ्यासाठी सोडलं’ ऐकवणारा नवरा लांबच बरा. वरिष्ठांशी बोलून हँडओव्हरची तारीख ठरवा. ती कॅलेंडरवरची असू द्या, ब्रेकथ्रूवर अवलंबून नको. तुमच्या जागी येणाऱ्याला काही आठवडे सोबत घेऊन हिंडवा, मशीनच्या खोडी त्याच्या वहीत उतरवून द्या. आणि डिझाइन ऑफिसला होकार देण्याआधी विचारून घ्या, की बांधकाम चालू असताना साइटला मदत करणाऱ्या टीममध्ये घेतील का. त्यात महिन्यातून काही दिवस साइट मिळते, बाकीचे दिवस घर. उत्तर आलं की ते पत्नीला दाखवा आणि महिन्यातले किती दिवस चालतील, ते त्यांनाच ठरवू द्या.