कॅलिफोर्नियात नगरपालिकेने नागरी ग्रँड ज्युरीला (स्थानिक कारभाराची चौकशी करणाऱ्या नागरिकांच्या मंडळाला) दिलेली कागदपत्रे नागरिकाला मागता येतात का?

होय, नगरपालिकेच्या दप्तरात मुळातच असलेली कंत्राटे, देयके, सभांची इतिवृत्ते आणि अधिकृत पत्रव्यवहार राज्याच्या सार्वजनिक नोंदी कायद्याखाली मागता येतात, आणि त्यांच्या प्रती ग्रँड ज्युरीकडे गेल्या एवढ्यावरूनच त्या गोपनीय ठरत नाहीत. गोपनीयता आहे ती ज्युरीच्या कामकाजाला, म्हणजे साक्षीदारांचे जबाब, ज्युरींची चर्चा आणि मतदान यांना. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये मॅक्लॅची वृत्तपत्रसमूहाच्या प्रकरणात, स्थानिक कारभाराच्या चौकशीतील कच्चा पुरावा ज्युरीने स्वतः उघड करू नये, असा निर्णय दिला. तेव्हा अर्जात ‘ज्युरीला काय दिले’ असे विचारू नका, कारण त्यातून चौकशीची दिशाच उघड होते आणि नकाराला आधार मिळतो. विषय, विभाग आणि तारखा देऊन मूळ नोंदच मागा. नोंद देय आहे की नाही, हे नगरपालिकेने साधारणपणे १० दिवसांत कळवायचे असते. केवळ ‘ग्रँड ज्युरी’ हे दोन शब्द लिहून अर्ज फेटाळणे मला सर्वस्वी गैर वाटते. नोंद न देण्याची सूट नेमकी कोणत्या तरतुदीनुसार आहे, हे लेखी मागण्याचा आपल्याला हक्क आहे. अपवाद ज्युरीच्या अहवालाचा: त्यातील आपल्याशी संबंधित भाग संस्थेला प्रसिद्धीच्या दोन कामकाजाचे दिवस आधी मिळतो, परंतु प्रसिद्ध होईपर्यंत त्यातील मजकूर उघड करण्यास तिला कायद्याने मनाई आहे. त्यानंतर मात्र अहवाल सर्वांसाठी खुला असतो, आणि नगर परिषदेला ९० दिवसांत त्यावर लेखी उत्तर द्यावे लागते.