वाचकांचे प्रश्न: अपील, मुदत आणि नकलेवरचा शिक्का

ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयाने मला घटस्फोट दिला. समोरच्याचा विरोध होता, निकाल माझ्या बाजूने लागला. ४० दिवस झाले, अपील आलेलं नाही. माझे वकील म्हणतात, ३० दिवस संपले, लग्नाची तारीख धरा. मावशीच्या ओळखीतले वकील ९० म्हणतात. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, घोडबंदर रोड

मावशीच्या ओळखीतल्या वकिलांचं. गोंधळ मात्र तुमच्या वकिलांनी निर्माण केलेला नाही, तो कायद्यातच आहे. कौटुंबिक न्यायालये अधिनियम, १९८४ च्या कलम १९ मध्ये अपिलाला ३० दिवस दिले आहेत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २८ मध्येही आधी तेवढेच होते, ते २००३ च्या दुरुस्तीने ९० झाले. मग कौटुंबिक न्यायालयाने हिंदू विवाह कायद्याखाली दिलेल्या निकालाला कुठली मुदत लावायची? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१६ मध्ये ९० दिवसांच्या बाजूने कौल दिला, आणि ठाण्याला तोच लागू आहे.

शिवाय हे ९० दिवस कॅलेंडर पाहून मोजता येत नाहीत. समोरच्याने निकालाच्या नकलेसाठी अर्ज केला असेल, तर नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस त्याला वाढवून मिळतात. तेव्हा ९१ व्या दिवशी मांडव घालू नका. नक्कल विभागात चौकशी करा आणि उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर दोघांच्या नावाने शोध घ्या. आजच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खाली उच्च न्यायालयात कॅव्हेट (आधी आम्हाला ऐका, असा अर्ज) दाखल करून ठेवा, म्हणजे तुम्हाला न कळवता एकतर्फी स्थगिती मिळणार नाही. कॅव्हेट ९० दिवसच टिकतं, मग नवं लावावं लागतं. अपील झालंच, तर ते निकाली निघेपर्यंत पुनर्विवाहाला हिंदू विवाह कायद्याचं कलम १५ आड येतं.

हाच घटस्फोट परस्पर संमतीचा असता, तर प्रश्नच नव्हता. संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील चालत नाही.

गाळा रिकामा करून देण्याचा हुकूमनामा आमच्याविरुद्ध झाला. आम्ही जिल्हा न्यायालयात अपील केलं, नंबरही पडला. तरीही बेलिफ कब्जा घ्यायला आला! अपील चालू असताना हे कसं चालतं?
— एक गाळेधारक, कळवा

चालतं. अपील दाखल झालं की खालचा हुकूमनामा आपोआप थांबतो, हा समज कोर्ट नाक्यावर चहा पिताना हमखास ऐकू येतो आणि अनेकांना महागात पडतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम ५ मध्ये उलट लिहिलं आहे: नुसत्या अपिलाने अंमलबजावणी थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. ती मिळायला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. स्थगिती नाकारली तर भरून न येणारं नुकसान होईल, अर्जाला उगाच उशीर केलेला नाही, आणि हुकूमनाम्याप्रमाणे उद्या जे देणं लागेल त्यासाठी तारण द्यायची तयारी आहे. बहुतेक अर्ज या तिसऱ्यावर अडतात, कारण त्यात तारणाबद्दल अवाक्षर नसतं.

आता ‘नंबर पडला’ म्हणजे नक्की कसला, ते पाहा. मुदत उलटल्यावर अपील नेलं असेल, तर तुमच्या हाती नियमित अपिलाचा नव्हे, विलंब माफीच्या अर्जाचा नंबर असेल. त्यावर ‘सिव्हिल एम.ए.’ (मिसलेनियस अ‍ॅप्लिकेशन, म्हणजे किरकोळ अर्ज) असं लिहिलेलं असतं. त्याच आदेशाचा नियम ३अ सांगतो की विलंबाचा निर्णय होऊन अपील ऐकायचं ठरेपर्यंत स्थगिती देता येत नाही. तुमची गाडी इथेच अडली असावी असं वाटतं. तसं असेल तर विलंबाचा अर्ज लवकर ऐकून घ्या, अशी लेखी विनंती करा. उशिराचं कारण दिवसवार लिहा. ‘आजारी होतो’ एवढ्याने भागत नाही, दवाखान्याचे कागद जोडा.

मुदत मोजायची रीत एकदा समजून घ्या. समजा, निकाल ३ मार्चला लागला, नकलेचा अर्ज १० मार्चला केला आणि नक्कल २४ मार्चला तयार झाली. निकालाचा दिवस सोडायचा. जिल्हा न्यायालयाचे ३० दिवस ४ मार्चपासून धरले तर २ एप्रिलला संपतात. नकलेचे १० ते २४ मार्च असे १५ दिवस वाढवून मिळतात, म्हणून शेवटचा दिवस १७ एप्रिल. अर्जाआधी घरी बसून घालवलेले दिवस मिळत नाहीत. नक्कल तयार असताना ती उचलायला तुम्ही महिन्याने गेलात, तर तेही दिवस तुमचेच गेले. अर्ज कधी झाला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, या तिन्ही तारखा नकलेवरच्या शिक्क्यात असतात. अपील लिहायला बसण्याआधी तो शिक्का वाचा. शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असेल, तर उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं.

एवढं करून स्थगिती मिळालीच, तरी जुन्या भाड्यावर बसता येईल असं धरू नका. घरमालकाच्या बाजूने हुकूमनामा झाल्यावर राहणाऱ्याने बाजारभावाला धरून वाजवी रक्कम भरावी, अशी अट अपील न्यायालय घालू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने हे २० वर्षांपूर्वीच स्पष्ट केलं आहे.

पोटगीची रक्कम फार आहे. अपील कुठे?
— एक वाचक, नेरूळ

पोटगी कुठल्या कलमाखाली दिली, यावर सगळं अवलंबून आहे. कौटुंबिक न्यायालयाने भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (पूर्वीचं कलम १२५) दिली असेल, तर अपील नाही, उच्च न्यायालयात पुनरीक्षण (रिव्हिजन). दंडाधिकाऱ्यांनी कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दिली असेल, तर सत्र न्यायालयात अपील, आदेश बजावल्यापासून ३० दिवसांत. आणि घटस्फोटाच्या दाव्यातली अंतरिम पोटगी असेल, तर वकील सहसा रिट याचिकेचा मार्ग धरतात. आदेशाच्या वरच्या भागात कलम लिहिलेलं असतं.

हातउसन्या पैशांपोटी दिलेला माझा चेक वटला नाही. दंडाधिकाऱ्यांनी ३ महिने कैद आणि ८ लाख भरपाई सुनावली, त्याच दिवशी जामीनही दिला. अपील करायचं तर २० टक्के आधी भरावेच लागतात का?
— एक व्यावसायिक, कोपरखैरणे

आधी जामिनाबद्दल. तो कायमचा नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची आणि आरोपी आधीपासून जामिनावर असेल, तर खालचं न्यायालय अपिलापुरता वेळ मिळावा म्हणून तो देतं. ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील आणि त्याच्यासोबत शिक्षा स्थगितीचा अर्ज, दोन्ही गेले पाहिजेत.

अपील दाखल करताना पैसे लागत नाहीत. परक्राम्य संलेख कायद्याचं कलम १४८ (२०१८ ची दुरुस्ती) अपील न्यायालयाला अधिकार देतं की दंड किंवा भरपाईच्या किमान २० टक्के रक्कम भरायला सांगावी. तुमच्या बाबतीत १ लाख ६० हजार. खटला चालू असताना कलम १४३अ खाली अंतरिम भरपाई दिली असेल, तर ती यात वळती होत नाही. आदेशापासून ६० दिवस मिळतात, सबळ कारण दाखवलं तर आणखी ३०.

‘भरावेच लागतात का’, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं की कलमात ‘करू शकेल’ असं असलं तरी साधारणपणे भरायला सांगावंच. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की प्रकरण अपवादात्मक असेल तर सूट देता येते, मात्र कारणं नोंदवून. म्हणजे सूट हवी असेल तर ती स्थगितीच्या अर्जातच मागा आणि कागद लावा: विवरणपत्रं, बँकेचा उतारा, आधी परत केलेल्या रकमेच्या पावत्या. तोंडी ‘परिस्थिती नाही साहेब’ म्हणून उपयोग नाही.

फसगत होते ती पुढे. स्थगिती मिळाली की लोक निश्चिंत होतात, ६०वा दिवस निघून जातो आणि स्थगिती रद्द होते. आदेशाची तारीख भिंतीवर लिहून ठेवा. ही रक्कम फिर्यादीला आधीच काढू दिली जाऊ शकते, पण तुम्ही निर्दोष सुटलात तर ती त्याने बँक दराच्या व्याजासह परत करायची असते. फिर्यादी तयार असेल तर अपिलातही तडजोड होते, तो दरवाजा बंद समजू नका.

आमचा जमिनीचा दावा पनवेलला चालला, पहिलं अपीलही हरलो. आता कोल्हापूरला खंडपीठ झालंय, दुसरं अपील तिकडे न्यावं लागेल का?
— एक वाचक, खारघर

नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेल्या कोल्हापूर पीठाकडे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे आहेत. खारघर नवी मुंबईचं म्हणत असलो तरी जिल्हा रायगड, आणि तुमचं अपील मुंबईतच जाईल. मुदत ९० दिवस.

जायचं की नाही, याचा मात्र विचार करा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० खालचं दुसरं अपील फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर घेतलं जातं. अमुक साक्षीदारावर विश्वास ठेवायला नको होता, मोजणी नकाशा नीट वाचला नाही, असल्या तक्रारी सहसा दाखल होण्याच्या टप्प्यावरच संपतात. लेखी पुरावा नजरेआड झाला, किंवा कुळकायद्याचं कलम चुकीचं लावलं, असं काही असेल तर वकिलांना तो प्रश्न दोन ओळींत लिहून द्यायला सांगा. दोन ओळींत तो बसत नसेल, तर कोर्ट फी भरण्याआधी आणखी एका वकिलाला दोन्ही निकाल दाखवा.