गाणं चालू असताना हिरा कुठे असतो?

प्रश्न : नातीबरोबर 'हाफ टिकट' पाहिला. गुंड मागे लागलेत आणि नायक नाचत सुटलाय, हे बघून ती म्हणाली, "आजोबा, हा पळत का नाही?" काय सांगू तिला?

उत्तर : सांगा, तो पळतोच आहे, फक्त तालात. चेष्टा नाही करत. मी ३४ वर्षं थिएटरात ऑपरेटर होतो. केबिनच्या वीतभर झरोक्यातून एकच सिनेमा आठवड्याला २८ वेळा दिसायचा. पडदा पाठ झाला की नजर दाराकडे जाते. मारधाडीच्या सिनेमात गाणं लागलं की दार उघडायचं, उजेडाची तिरीप आत यायची आणि निम्मं पब्लिक विडी ओढायला बाहेर. प्रेम आणि चोरी यांची खिचडी शिजलीय की कच्ची राहिलीय, हे मला त्या दारावरून कळायचं.

१९६२ चा हा सिनेमा पुढे पुन्हा लागायचा, तेव्हा 'आके सीधी लगी दिल पे'ला दार हलायचं नाही. का, ते बघा. मुंबईच्या पुऱ्या तिकिटाला पैसे पुरत नाहीत म्हणून किशोरकुमार लहान मुलगा बनून गाडीत बसतो. खलनायक प्राण चोरीचा हिरा त्याच्या खिशात सरकवतो. हिरा पोराकडे, पोराला पत्ता नाही, आणि प्राण सिनेमाभर त्याच्या मागावर. आता गाण्यात काय चाललंय? किशोर बाईच्या वेशात प्राणसमोरच नाचतोय. ज्याची मानगूट धरायची त्याच्याशीच प्राण लाडीगोडी करतोय! पाठलाग थांबलेला नाही, उलट दोघं इतके जवळ दुसरीकडे क्वचितच येतात. अशा वेळी विडी कोणाला सुचणार? वर बाईचा आवाजही किशोरचा आणि पुरुषाचाही त्याचाच. संगीतकार सलिल चौधरींनी दोन्ही त्याच्याकडूनच गाऊन घेतले. हे नातीला आधी सांगू नका, ओळखू दे.

नायक-नायिका बागेत गातायत आणि चोर तोवर कुठेतरी चहा पीत असावेत, असे सिनेमेही ढिगाने आले. तिथे मीच झरोका सोडून स्टुलावर टेकायचो.

प्रश्न : 'चलती का नाम गाडी'तले पाच रुपये बारा आणे म्हणजे किती? आणि एवढ्याशा पैशासाठी कोणी एखाद्या मुलीच्या मागे जातं का?

उत्तर : रुपयाचे आणे सोळा, म्हणजे बारा आणे पाऊण रुपया. झाले ५ रुपये ७५ पैसे. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले, सिनेमा १९५८ चा, पण जिभेवरचे आणे असे एका वर्षात थोडेच जातात! आमच्याकडे तिकिटाच्या खिडकीवर पुढे कितीतरी वर्षं 'चार आणे सुट्टे द्या' चालायचं.

आणि एवढ्याशा पैशासाठीच जातं हो. लाख रुपयांसाठी गेला असता तर तो वसुलीवाला झाला असता. पावसातल्या रात्री मधुबालाची गाडी बंद पडते, गॅरेजात किशोर एकटा. अवजारांची ठोकाठोक गाण्याच्या ठेक्यात बसते, गाडी चालू होते आणि पाच रुपये बारा आण्यांची मजुरी राहून जाते. उधारी हे निमित्त, हे त्याला सोडून सगळ्या थिएटरला कळलेलं असतं. मला मात्र खरी कारागिरी दिसते ती थोरल्या भावाच्या गोष्टीत. अशोककुमार बायकांवर डूख धरून असतो, आणि त्याचं जिच्यावर प्रेम होतं तीच खलनायकाच्या घरात अडकलेली निघते. प्रेमाचा धागा ओढला की गुन्ह्याची गाठ हातात येते. दिग्दर्शक सत्येन बोस यांनी दोन सिनेमे एकमेकांना चिकटवले नाहीत, एकच विणला.

प्रश्न : अशा सिनेमांत पोलीस शेवटीच का येतात?

उत्तर : लवकर आले तर शेवटचं रीळ कोण लावणार? एकदा घाईत माझ्या हातून रिळांची अदलाबदल झाली. पोलीस आधी आले, चोर नंतर पळाले. मॅनेजर धावत वर आला, पण पब्लिकमधून चकार शब्द नाही. दोन्हींपैकी एका रिळात गाणं होतं, म्हणून खुर्च्या शाबूत राहिल्या.