दुबईत रूममेट पाकिस्तानी निघाला तर?

भावा, तुझा प्रश्न वाचला. सांगलीहून येतोयस, एसी टेक्निशियनचं काम, अल कूझला कंपनीचं अकोमोडेशन, आणि रूममध्ये पाकिस्तानी-बांगलादेशी असतील असं कळल्यापासून घरचे घाबरलेत. मराठी रूम मागून मिळेल का आणि कुणापासून लांब राहायचं असं विचारलंयस. मी इथे आधी कॅम्पात, म्हणजे कंपनीच्या कामगार वस्तीत, मग देरा भागात बेडस्पेसमध्ये, म्हणजे शेअरिंगच्या रूममधला एक बेड भाड्याने घेऊन, काढलेत दिवस, आता फॅमिली आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

रूम मागून बघ, कॅम्प बॉस, म्हणजे रूम वाटून देणारा माणूस, चांगला असेल तर ऐकतो, पण शेवटी जिथे बेड रिकामा तिथेच टाकतात. बाहेर बेडस्पेस घ्यायच्या भानगडीत सध्या पडू नको, तुझ्या पगारात परवडणार नाही. तरी एकदा करामा नाहीतर बर दुबईला चक्कर मार आणि खांबांवर, भिंतींवर चिकटवलेल्या जाहिराती वाच. ओन्ली केरळाईट, ओन्ली फिलिपिनो, इंडियन व्हेज एक्झिक्युटिव्ह बॅचलर... त्यातल्या बहुतेक कागदांवर तू बसतच नाहीस. म्हणजे तू जशी यादी करून येतोयस तशी इतरांचीही यादी आहे आणि त्यात आपण आहोत. इंडियन चिंगूस असतात, साहेबाकडे चुगल्या करतात, किचनमध्ये फोडणीचा वास करतात, हे सगळं आपल्याबद्दल बिनधास्त बोलतात लोक. सांगली-मिरज कुणाला माहीत नाही, अरबी माणसासाठी तू फक्त 'हिंदी', म्हणजे भारतीय.

आणि मराठी रूममेट हवाय म्हणतोस, तो खेड किंवा श्रीवर्धनचा मुसलमान निघाला तर? कोकणातले मुसलमान इथे पिढ्यानपिढ्या आहेत, घरात मराठी-कोकणीच बोलतात. तो चालेल ना तुला? चालेल म्हणालास तर मग पाकिस्तानातल्या मर्दानच्या पठाणाची भीती नक्की कशाची आहे याचा जरा विचार कर. पासपोर्टची असेल तर सांगतो, कॅम्पात कुणीही आपल्या देशाचं परराष्ट्र धोरण चालवायला आलेलं नसतं. बांगलादेशातली सिल्हेट, कोमिल्लाकडची पोरं बहुतेक तुझ्याहून जास्त कर्ज काढून आलेली असतात, कुणाची जमीन गहाण तर कुणाच्या बहिणीचं लग्न अडलेलं. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करायला बंदी असते, तेव्हा साइटवर सगळे एकाच सावलीत आडवे होतात, आणि तिथे गप्पा असतात त्या पगार कधी होणार आणि गावी पाऊस पडला का याच्या.

सगळे गोड आहेत असं मात्र मी म्हणत नाही. लबाड माणसं आहेत, सगळ्या देशांची आहेत. तुझ्या एमिरेट्स आयडीवर, म्हणजे इथल्या ओळखपत्रावर, सिम घेऊ दे म्हणणारा, तुझ्या बँक अकाउंटमधून फक्त एकदा पैसे फिरवून दे म्हणणारा, पहिल्याच आठवड्यात उधार मागणारा, यांच्यापासून लांब राहा, मग तो लाहोरचा असो की कोल्हापूरचा. आणि खरं सांगू, नव्या पोराला लुटणारा बहुतेक वेळा आपल्याच भाषेत बोलत असतो, कारण त्याच्यावर आपण कागद न बघता विश्वास टाकतो. तुझ्या एजंटने किती घेतले? सरकारी नियमाने ३० हजार अधिक जीएसटी याच्या वर घेता येत नाहीत. ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर त्याचं रजिस्ट्रेशन आहे का ते आजच बघ, रूममेटची काळजी नंतर कर.

जेवणाचं मात्र पहिल्याच दिवशी बोलून टाक. पाकिस्तानी-बांगलादेशी रूममेट्समध्ये बीफ शिजतं, तुला चालत नसेल तर स्पष्ट सांग आणि भांडी वेगळी ठेव, बहुतेक जण समजून घेतात. मनात ठेवून चिडचिड केलीस तर तोच विषय मोठा होतो. रमजानमध्ये त्यांच्यासमोर दिवसा खात बसू नको, आणि संध्याकाळी मशिदीबाहेर इफ्तारची पाकिटं वाटतात तिथे लाईनीत उभा राहिलास तर तुझा धर्म कुणी विचारत नाही. इंडिया-पाकिस्तान मॅच असेल तेव्हा आरडाओरडा होणार, तो कर, पण राजकारण रूममध्ये आणायचं नाही, हा नियम सगळ्यांनी मिळून करून टाका.

फोनबद्दल नीट ऐक. गावाकडच्या ग्रुपवरचं धर्मावरून शिव्या घातलेलं काहीही फॉरवर्ड करायचं नाही, स्टेटसला तर अजिबात नाही. २०१५ पासून इथे द्वेष पसरवण्याविरुद्ध कायदा आहे, त्यात धर्म, वंश, रंग यांच्याबरोबर जातसुद्धा आहे, जेल होते आणि दंड लाखांत. २०२० मध्ये कोविड सुरू असताना असल्या पोस्टींमुळे आपल्याच बऱ्याच लोकांच्या नोकऱ्या गेल्या. पण नुसतं कायद्याला घाबरून गप्प बसशील तर रूममध्ये मन कधी रमणार नाही, तेच मनात घोळत राहील.

एप्रिल २०२४ चा तो पाऊस तू व्हिडिओत बघितला असशील, इथल्या ७५ वर्षांच्या नोंदींत सगळ्यात जास्त. आमच्या बिल्डिंगचं बेसमेंट भरलं, लिफ्ट बंद, टँकर येईना. वरच्या मजल्यावर एक वयस्कर श्रीलंकन बाई एकट्या होत्या, त्यांच्यासाठी पाण्याचे कॅन खांद्यावर घालून जिन्याने नेले ते पेशावरच्या दोन टॅक्सीवाल्या भावांनी, आणि खाली त्यांची गाडी बुडालेली होती! आमच्या सोसायटी छाप मराठी ग्रुपवर तोपर्यंत नुसतेच फोटो पडत होते.

आणि आईच्या फोनमध्ये बोटीम हे कॉलिंगचं ॲप टाकून ये, व्हॉट्सॲपचा कॉल इथून लागत नाही. आल्यावर पहिल्याच रविवारी कॅमेरा रूममेट्सकडे फिरव आणि त्यांनाच तिच्याशी बोलू दे, हिंदी सगळ्यांना येतं थोडंफार. ती जेवणाचं विचारेल, मग त्यांच्या आईचं, मग लग्न झालं का. मी कितीही लिहिलं तरी तिची भीती जायची नाही, त्या दहा मिनिटांत बरीच कमी होईल.