खुन्या मुरलीधर हे नाव द्रविड बंधूंच्या खुनामुळे पडलं का?

नाही. म्हणजे खून पुण्यातल्या या देवळाजवळ झाला हे खरं, पण सदाशिव पेठेतली जुनी माणसं नावाची जी हकीकत सांगतात ती त्या खुनाच्या शंभरेक वर्षं आधीची आहे. मीही ती घरातल्या थोरल्यांकडूनच ऐकत आलो.

हे देऊळ सदाशिव रघुनाथ ऊर्फ दादा गद्रे या सावकारांनी पेशवाईच्या उतरत्या काळात बांधलं. मूर्ती बखतराम नावाच्या पाथरवटाने घडवली आणि ती इतकी देखणी उतरली, की खुद्द पेशव्यांच्या दरबाराची तिच्यावर नजर गेली. गद्रे पेचात पडले. सरकारला नाही कसं म्हणायचं? पण एकदा प्राणप्रतिष्ठा झालेली मूर्ती हलवता येत नाही, हे दरबारालाही मान्य करावंच लागलं असतं. म्हणून त्यांनी घाईने मुहूर्त धरला आणि दाराशी अरबांचा पहारा बसवला. मूर्ती न्यायला कॅप्टन बॉईडच्या हाताखालची पलटण आली. आत मंत्र चालू, बाहेर हातघाई! दोन्हीकडची माणसं देवळापुढेच पडली. मूर्ती मात्र हलली नाही. साल १७९७ सांगतात, आणि तेव्हापासून तो ‘खुन्या’ मुरलीधर.

ही आख्यायिका आहे, पण मला ती निव्वळ रचलेली वाटत नाही. लोक सांगताना बॉईडला ‘इंग्रज कॅप्टन’ म्हणतात. पण त्या सुमारास जॉन बॉईड नावाचा अमेरिकेहून आलेला लष्करी अधिकारी पुण्यात पेशव्यांच्या नोकरीत खरोखरच होता. हिंदुस्थानातून परत गेल्यावर तो अमेरिकेच्या सैन्यात मोठ्या हुद्द्यावर चढला. गोष्टीतला बॉईड तो हाच असावा असं माझं मत आहे. असं परकं नाव पेठेतल्या लोकांनी कल्पनेने कुठून आणलं असतं?

आता द्रविड बंधू. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तावर नेमलेला इंग्रज अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. या द्रविडांनी दिलेल्या माहितीवरून दामोदर चापेकर पकडले गेले आणि १८९८ साली फासावर गेले. ८ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी पोलीस साहेबांनी बोलावल्याचा निरोप देऊन दोघा द्रविडांना घराबाहेर काढलं आणि रस्त्यातच गोळ्या घातल्या. जागा याच देवळाच्या आसपासची. मे महिन्यात वासुदेव आणि रानडे दोघांनाही फाशी झाली. ही घटना शाळेपासून सगळ्यांच्या कानावर असते, गद्र्यांची हकीकत पेठेबाहेर फारशी कुणी सांगत नाही. मग देवळाचं नाव ऐकलं की माणूस दोन आणि दोन चार करून मोकळा होतो.

‘देवाला खुनी कसं म्हणायचं?’ असंही तुम्ही विचारलंय. पुण्यात कुणाच्या मनात तसं येत नाही हो. विठोबा, मारुती, गणपती इथे पेठोपेठी, त्यामुळे कुठला ते कळायला आजूबाजूच्या खुणेवरूनच हाक मारायची पद्धत. समोर पासोड्यांचा, म्हणजे जाड्याभरड्या पांघरुणांचा, बाजार भरायचा तो पासोड्या विठोबा. नाना पेठेत निवडुंगात सापडला तो निवडुंग्या विठोबा, आणि तुकोबांची पालखी पुण्यात मुक्कामाला असते ती त्याच्याच देवळात. खुन्या मुरलीधराच्या परिसरातल्या लग्नपत्रिकांवर ‘खुन्या मुरलीधराजवळ’ असा पत्ता बिनधास्त छापतात, आणि वर ‘श्री गजानन प्रसन्न’ असतंच.

दर्शनाला गेलात तर मूर्तीपाशी जरा थांबा. तिच्यासाठी माणसं का भांडली, हे तिथे उभं राहिल्यावर जास्त चांगलं कळतं. आणि गर्दी नसेल तर पुजाऱ्यांना गद्र्यांविषयी जरूर विचारा.