पाकीट येऊन १९ दिवस झाले

औसा तालुक्यातील एका शेतकरी वाचकांनी विचारले आहे की, सोयाबीनच्या पट्टीतून बँकेत ठेवलेल्या २ लाखांच्या ‘ठेवी’चा पुढच्या वर्षीचा हप्ता भरण्यासाठी पत्नीच्या पाटल्यांवर सोनेतारण कर्ज काढावे, की तो पीककर्जातून भागवावा.

दोन्हींपैकी काहीही करू नका. मुदत ठेवीला दरवर्षी हप्ता नसतो. आपण पाठवलेल्या कागदांनुसार ही आयुर्विम्याची पॉलिसी आहे: दहा वर्षे दरवर्षी २ लाख भरायचे आणि विसाव्या वर्षाअखेर ४० लाख मिळायचे. ‘पैसे दुप्पट’ असे सांगून विकलेल्या या योजनेचा परतावा जेमतेम साडेचार टक्के पडतो. तेच हप्ते सात टक्क्यांनी वाढले, तर कर वगळता सुमारे ५८ लाख होतात. शिवाय आपली मुलगी दहावीत आहे आणि आपल्याला पैसे तिच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी हवे आहेत, विसाव्या वर्षी नव्हे.

अर्जाची प्रत पाहून मला खरोखर संताप आला. संपूर्ण अर्ज इंग्रजीत, खाली आपली सही मराठीत. व्यवसाय ‘व्यापार’ आणि वार्षिक उत्पन्न ९ लाख, जे आपल्याच पत्राप्रमाणे ३ लाखांच्या आसपास आहे. कंपनीचा फोन आला, की प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणा, असेही आपल्याला शाखेत सांगितले गेले.

मात्र पत्राच्या शेवटी आपण सहज लिहिलेली गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे: पॉलिसीचे पाकीट १९ दिवसांपूर्वी आले. दस्तऐवज मिळाल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. या ‘फ्री लुक’ मुदतीत तेवढ्या दिवसांचा जोखीम-हप्ता (म्हणजे विमा-संरक्षणाची किंमत), मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च वजा करून बाकी रक्कम परत मिळते. म्हणूनच हे उत्तर आपल्याला आधी फोनवर सांगितले. अर्ज थेट विमा कंपनीकडे द्या, तारखेची पोच घ्या आणि टपालाचा शिक्का असलेले पाकीट जपून ठेवा. अर्जावरचा ई-मेल पत्ता आपलाच आहे ना, हे आजच पाहा, कारण पॉलिसी ई-मेलने आधीच आली असेल तर मुदत तेव्हापासून मोजली जाईल. शाखेतील साहेब ‘तीन वर्षे तरी भरा’ म्हणतील. त्यांच्याशी वाद घालत बसू नका.

मुदत हुकलीच, तर फसवून विक्री केल्याची लेखी तक्रार कंपनीकडे करा आणि महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जा. तेथे शुल्क नाही. लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात २०१९ च्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथेची तक्रार दोन वर्षांत करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथेही शुल्क नाही.

पैसे परत आले, की मुलीच्या प्रवेशाच्या तारखेला संपेल अशी साधी मुदत ठेव करा आणि तिची पावती हातात घेऊनच शाखेतून बाहेर पडा.